जड स्टिअरिंगचे निदान : खेर्डीच्या एका गॅरेजमधील तपासणीविषयी

चिपळूणजवळ खेर्डीला, कराडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत एक छोटे गॅरेज आहे. गॅरेजवर पाटी नाही, पण ‘स्टिअरिंगवाले मेस्त्री’ म्हणून विचारले की त्या भागातला कोणताही रिक्षावाला रस्ता दाखवतो. चारचाकीचे स्टिअरिंग जड झाले असेल, फिरवताना मध्येच धरत असेल किंवा वळण संपल्यावर आपसूक सरळ होत नसेल, तर त्याचे कारण शोधून काढणे आणि ते दुरुस्त करणे हे येथले मुख्य काम. इंजिनची, एसीची किंवा डेंटिंग-पेंटिंगची कामे ते घेत नाहीत. जडपणा नेमका कोणत्या जागी आहे हे वेगळे करून गाडीच्या मालकाला दाखवल्याशिवाय येथे एकही पार्ट बदलला जात नाही, आणि माझ्या मते हीच या गॅरेजची खरी किंमत आहे. कोकणात पार्ट बदलून देणारे पुष्कळ आहेत. कारण शोधून देणारे फार थोडे आहेत.

मी गुहागर तालुक्यात राहते आणि शाळेतील नोकरीसाठी शृंगारतळी, मार्गताम्हाणे, रामपूर असे करत रोज चिपळूणला गाडी चालवत जाते. माहेर दापोलीकडे असल्यामुळे धोपावे-दाभोळ फेरीबोटीनेही गाडी वरचेवर पलीकडे जाते. गाडी छोटी हॅचबॅक आहे, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना हाताला विजेची मोटर मदत करते अशी. पावसाळा संपता संपता तिचे स्टिअरिंग जड लागू लागले. सुरुवातीला गाडी मागे घेतानाच ते जाणवे, मग फेरीबोटीत अरुंद जागेत गाडी लावताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागू लागला, आणि पुढे तर मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वळण घेतल्यावर चाक स्वतःहून सरळ येईना, ते हाताने ओढून आणावे लागे. जडपणापेक्षा ही शेवटची गोष्ट मला अधिक काळजीची वाटत होती, कारण लागोपाठ वळणे असलेल्या रस्त्यावर चाक वेळेवर परत आले नाही तर गाडी समोरच्या बाजूला जाते.

गाडी नेहमी ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाते, तेथे स्टिअरिंगची मोटर गेल्याचे सांगून संपूर्ण स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगखालचा मोटर बसवलेला भाग, बदलण्याचे एस्टिमेट हातात देण्यात आले. रक्कम पंचवीस हजारांच्या पुढे होती. मोटर गेली हे कशावरून ठरवले, असे विचारल्यावर ‘या मॉडेलला हाच प्रॉब्लेम येतो’ एवढेच उत्तर मिळाले. शाळेतील एका सहकाऱ्यांनी तेव्हा खेर्डीचे गॅरेज सुचवले.

येथे गाडी आत घेण्याआधी मेस्त्री बसून प्रश्न विचारतात, आणि तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला तरी निदानाचे निम्मे काम तेथेच होते. गाडी उभी असताना स्टिअरिंग जड लागते की चालतानाही लागते? डावीकडे आणि उजवीकडे सारखेच जड आहे का? जडपणा सतत आहे की मधूनमधून येतो-जातो? डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चिन्हाचा दिवा लागतो का? फिरवताना कण्हल्यासारखा, किंचाळल्यासारखा किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो का? अलीकडे टायर बदलले, खड्ड्यात आदळली, पाण्यातून काढली, असे काही घडले आहे का? प्रत्येक उत्तराला अर्थ असतो आणि तो ते समजावून सांगतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग कमी वेगात अधिक मदत करते आणि वेग वाढला की मदत कमी करते, त्यामुळे फक्त पार्किंगमध्ये जड लागणारे स्टिअरिंग मदत कमी पडत असल्याची शंका उत्पन्न करते. जे स्टिअरिंग वेगातही जड राहते आणि वळणानंतर परत येत नाही, त्यात कोठेतरी यांत्रिक घर्षण असण्याची शक्यता अधिक असते. एकाच बाजूला जड असेल तर चाकांचे अलाइनमेंट, टायरमधील फरक किंवा हात किती जोर लावतो हे मोजणारा टॉर्क सेन्सर यांच्याकडे आधी पाहावे लागते.

मोटरबद्दल विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला सर्व्हिस सेंटरमध्ये मिळायला हवे होते. “मोटर गेली तर दिवा लागेल आणि स्टिअरिंग सगळीकडे सारखंच जड होईल, वहिनी. तुमचं मध्येच धरतं आणि मध्येच सोडतं म्हणता, तर आधी ते बघू.”

यानंतरच्या तपासणीचा क्रम ठरलेला आहे : सोपे आणि बिनखर्चाचे आधी, खोलावे लागणारे नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती बदलल्यावर स्टिअरिंग पुन्हा फिरवून पाहायचे, मगच पुढे जायचे. पहिली तपासणी टायरमधील हवेची. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यावर कंपनीने ठरवलेला दाब लिहिलेला असतो आणि तो टायर थंड असतानाच मोजायचा असतो, कारण गाडी चालून आली की टायर तापतात आणि दाब वाढलेला दिसतो. म्हणून गाडी सावलीत उभी करून ठेवली गेली आणि मग गेज लावले. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा ठरलेल्या ३३ पीएसआयपेक्षा बरीच कमी निघाली. हवा भरल्यावर स्टिअरिंग थोडे हलके झाले हे खरे, पण धरणे तसेच राहिले. येथेच एखाद्याने ‘झालं काम’ म्हणून गाडी परत दिली असती. हवा कमी हा एक दोष सापडला म्हणून दुसरा नसेलच असे होत नाही, हे लक्षात ठेवून पुढे जाण्याची शिस्त मला येथे दिसली.

मग बॅटरी. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर जागच्या जागी चाके वळवताना बॅटरीतून भरपूर करंट ओढते, त्यामुळे बॅटरी दमलेली असेल किंवा अर्थिंगच्या वायरीचे टोक गंजले असेल, तर मोटर चांगली असूनही मदत अपुरी पडते. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. मेस्त्रींनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे गाडीच्या पत्र्यावर धरून मला स्टिअरिंग फिरवायला सांगितले, कारण अर्थिंग खराब असेल तर लोड आल्यावरच त्या दोन टोकांत फरक दिसतो. आमच्या खाऱ्या हवेत ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. समुद्रापासून जवळ राहणाऱ्या गाड्यांची अर्थिंगची टोके हिरवट-पांढऱ्या बुरशीसारख्या थराने भरतात आणि वरून वायर धडधाकट दिसत राहते. माझ्या गाडीत हा दोष नव्हता. स्कॅनर लावल्यावर स्टिअरिंगच्या कंट्रोल युनिटमध्येही एकही दोष नोंदलेला आढळला नाही. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लागत होता आणि इंजिन सुरू झाल्यावर विझत होता, म्हणजे दिवाही आपले काम करत होता. इंजिन बंद असताना स्टिअरिंग फिरवायला लागणारा जोर आणि सुरू असताना लागणारा जोर यांत स्पष्ट फरक होता, म्हणजे मोटर मदत करत होती. पंचवीस हजारांचा कॉलम बदलण्याचा आधार येथेच संपला.

यानंतर शिरगाव-पोफळीच्या दिशेने चक्कर झाली. गाडी मेस्त्रींनी चालवली, मी बाजूला बसले. मोकळ्या वळणावर त्यांनी हाताची पकड सैल केली, तेव्हा चाक थोडे परत आले, एका जागी अडले आणि तेथेच राहिले. निरोगी गाडीत पुढच्या चाकांच्या कलत्या बसवणीमुळे चाके सरळ होऊ पाहतात आणि स्टिअरिंग आपसूक मध्यावर येते. ते येत नसेल तर त्या प्रयत्नाला कोणीतरी अडवत असते. परतताना त्यांनी मला स्टिअरिंग हळू फिरवून किती वेळा धरते ते मोजायला सांगितले. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा, आणि दर वेळी अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने. गॅरेजमध्ये आल्यावर त्यांनी स्टिअरिंगच्या कडेला त्या दोन जागी खडूने खुणा केल्या. खुणा बरोबर समोरासमोर होत्या.

या खुणांचा अर्थ समजला की पुढचे सगळे समजते. स्टिअरिंगचा दांडा वरून खाली सरळ रेषेत जात नाही. डॅशबोर्डखालून पायाजवळ येताना तो वाकतो, आणि जेथे वाकतो तेथे युनिव्हर्सल जॉइंट असतात, ज्यांना गॅरेजमध्ये सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉसला एकमेकांना छेदणारे दोन आस असतात आणि प्रत्येक आसाच्या टोकांना बारीक सुईसारख्या रोलरचे बेअरिंग असते. दांडा फिरताना दोन्ही आस आळीपाळीने वाकतात. त्यांपैकी एकाचे बेअरिंग गंजून घट्ट झाले, तर तो आस वाकण्याची वेळ प्रत्येक फेऱ्यात दोनदा येते, आणि दोन्ही वेळा हाताला अडथळा लागतो. रॅक, म्हणजे खाली दोन्ही चाकांना वळवणारी दांडी, खराब असेल, चाकाजवळचा गोळ्याचा सांधा (बॉल जॉइंट) आवळला असेल किंवा शॉकअपच्या वरचे बेअरिंग धरत असेल, तर अडथळा असा फेऱ्यागणिक ठरावीक अंतराने येत नाही. तो चाकाच्या विशिष्ट स्थितीत किंवा संपूर्ण फिरण्यात जाणवतो.

तरीही खुणांवर विसंबून क्रॉस मागवला गेला नाही. बॅटरी काढून ठेवली, गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, टेकवला आणि दोन्ही चाके अधांतरी केली. जमिनीचे घर्षण गेल्यावरही स्टिअरिंग त्याच दोन खुणांवर धरत होते. आता टायर आणि रस्ता दोन्ही संशयातून सुटले. मग पायाजवळचे कव्हर काढून दांडा रॅकला जेथे मिळतो तेथला बोल्ट सैल करण्यात आला. तो काढण्याआधी दांड्यावर आणि रॅकच्या टोकावर मिळून एक पांढरी रेघ मारली, कारण जोडताना दात एकाने जरी पुढे-मागे बसले, तरी गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे दिसते. दांडा सुटल्यावर मेस्त्रींनी मला सीटवर बसवले आणि बजावले, “सरळ ठेवून दोन्ही बाजूंना एकेकच फेरा. जास्त नको.” एअरबॅगची वायर स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली असते. खालचा दांडा सुटलेला असताना स्टिअरिंग मर्यादेबाहेर फिरवले तर ती वायर तुटते. ही गोष्ट अनेक ठिकाणी पाळली जात नाही आणि मग गाडी एका दोषासाठी जाऊन दुसरा दोष घेऊन येते.

मी फिरवले. वरचा भाग एकटा असताना स्टिअरिंग सर्वत्र सारखे फिरत होते. मोटर बंद असल्याने थोडा ओढल्यासारखा प्रतिकार होता, पण तो एकसारखा होता, कोठेही धरत नव्हते. नंतर मला खाली उतरवून पुढच्या डाव्या चाकाला हात लावायला सांगितले. चाक हाताने डावीकडे-उजवीकडे ढकलल्यावर दुसरे चाकही त्याच्याबरोबर वळत होते, रॅक दोन्ही टोकांपर्यंत सहज जात होता. वरचा भाग एकटा मोकळा, खालचा भाग एकटा मोकळा, आणि दोघांना जोडले की धरते. दोष जोडणाऱ्या दांड्यातच असायला हवा, आणि ही गोष्ट मला कोणी पटवून द्यावी लागली नाही, कारण तीनही वेळा हात माझा होता. मी विज्ञान शिकवते. वर्गात मुलांना एका वेळी एकच घटक बदलावा हे सांगताना मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

दांडा बाहेर काढल्यावर खालचा क्रॉस हातात घेऊन पाहिला. एका दिशेला तो स्वतःच्या वजनाने लोंबत होता. दुसऱ्या दिशेला वाकवायला अंगठ्याचा पूर्ण जोर लावावा लागला, तेव्हा तो कचकचत थोडा हलला आणि बेअरिंगच्या टोपीच्या कडेने तांबूस भुकटी हातावर पडली. ग्रीसचा मागमूसही राहिला नव्हता.

क्रॉस का गंजला, हा प्रश्न येथे आपण विचारायच्या आधी त्यांनीच घेतला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दांडा जेथे बाहेर जातो, तेथे रबरी बूट असतो. माझ्या गाडीतला बूट खालच्या बाजूला चिरलेला होता. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, कित्येकदा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. चार महिने रस्त्यावरचे लाल पाणी त्या चिरेतून आत उडत राहिले. त्यात फेरीबोटीच्या जेट्टीवर भरतीच्या वेळी खालून लागणारे खारे पाणी. पायाखालचे मॅट पावसाळाभर ओलसर राहते हे मला माहीत होते, पण त्याचा संबंध स्टिअरिंगशी असेल असे कोणी सांगितले नव्हते. मेस्त्रींच्या सांगण्यानुसार २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण पाण्याखाली गेले, त्यानंतर इंजिन आणि सीट यांची कामे होऊन रस्त्यावर आलेल्या कितीतरी गाड्या काही महिन्यांनी जड स्टिअरिंगची तक्रार घेऊन त्यांच्याकडे आल्या. पाणी ओसरले, गाडी चालू लागली, पण क्रॉसच्या बेअरिंगमध्ये शिरलेला गाळ तेथेच राहिला होता. एकाच तक्रारीच्या इतक्या गाड्या एकदम हाताखालून गेल्यामुळे तपासणीची ही पद्धत पक्की झाली, असे ते म्हणतात.

क्रॉसवर तेल मारून तो मोकळा करून देण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. तसे करता येणार नाही का, असे मी विचारले. ते करायला ते तयार नव्हते आणि कारण मला पटले. तेलाने गंज काही दिवस सैल होतो, पण बेअरिंगच्या आतले रोलर खाल्लेले असतात ते तसेच राहतात. पहिल्या पावसात क्रॉस पुन्हा धरतो, आणि स्टिअरिंगचा सांधा ही अशी जागा आहे की तेथे ‘सध्या चालेल’ म्हणून सोडून देणे परवडत नाही. म्हणून दांडा क्रॉससकट नवा, त्यासोबत नवा रबरी बूट, आणि दांड्याचे बोल्टही नवे असे ठरले. पार्ट कोल्हापूरहून मागवावा लागला. जोडताना पांढऱ्या रेघा जुळवल्या, बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळले, बॅटरी जोडून स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सरचे सरळ स्थितीचे वाचन तपासले आणि मग पुन्हा शिरगावपर्यंत चक्कर झाली. या वेळी वळणानंतर पकड सैल केल्यावर चाक सरळ येऊन थांबले.

सगळ्याच गाड्यांत दोष क्रॉसचा नसतो, आणि तेथे थांबलेल्या वेळेत इतर गाड्यांची तपासणीही पाहायला मिळाली. बंदरावरून मासळी वाहणाऱ्या एका पिकअपला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग होते. त्या प्रकारात मदत मोटर करत नाही, इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप तेलाच्या दाबाने करतो. तेथे पाहायच्या गोष्टी वेगळ्या : टाकीतल्या तेलाची पातळी, तेलाचा रंग, त्यात फेस आहे का, कारण फेस म्हणजे हवा शिरली आहे आणि हवा दाब टिकू देत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर बेल्ट किंचाळत असेल तर तो घसरत आहे. बेल्ट आणि तेल ठीक असूनही जडपणा राहिला, तर पंप आणि रॅक यांच्यामध्ये दाबाचे गेज आणि कॉक लावून कॉक क्षणभर बंद करतात. पंप पुरेसा दाब देत असेल तर दोष रॅकच्या बाजूला, देत नसेल तर पंपाच्या. कॉक पाच सेकंदांहून अधिक काळ बंद ठेवला तर पंपच बिघडतो, म्हणून गेज वाचणारा आणि कॉक फिरवणारा माणूस वेगळा असतो. त्या पिकअपच्या मालकाला पंप बदलायचा आहे असे सांगून पाठवण्यात आले होते. प्रत्यक्षात मिठाच्या पाण्याने पुली गंजून बेल्ट झिजला होता.

आणखी एका गाडीत स्टिअरिंग फिरवताना टणत्कार होत होता आणि चाक परत येत नव्हते. मेस्त्रींनी मदतनीसाला स्टिअरिंग फिरवायला लावून स्वतः पुढच्या स्प्रिंगवर हलके बोट ठेवले. स्प्रिंग चाकाबरोबर सुरळीत न फिरता पिळून एकदम सुटत होती, म्हणजे शॉकअपच्या माथ्यावरचे बेअरिंग धरत होते. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही, फक्त कोठे बोट ठेवायचे ते माहीत असावे लागते.

आता उणिवा, कारण त्या सांगितल्याशिवाय हे लिहिणे योग्य होणार नाही. सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. तपासणीसाठी अर्धा दिवस द्यावा लागतो आणि मेस्त्री एका वेळी एकच गाडी हाती घेतात. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मे महिना, म्हणजे चाकरमान्यांच्या गाड्या येतात तो काळ, तेथे फोन न करता जाणे निरर्थक आहे. पार्ट यायला उशीर झाला तेव्हा तो कळवण्यासाठी त्यांच्याकडून फोन आला नाही, मलाच विचारावे लागले. गुहागरहून पंचेचाळीस किलोमीटर येणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार त्रासाची होते आणि त्यांनी ती सुधारायला हवी. ग्राहकाला बसायला सावलीत एक बाकडे आहे, महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही. बाहेरगावहून एकटी येणारी बाई अर्धा दिवस तेथे कशी थांबेल, याचा विचार गॅरेजने करावा, असे मी त्यांना तोंडावरही सांगितले आहे.

अलाइनमेंटचे यंत्र त्यांच्याकडे नाही. दांड्याच्या कामानंतर ते करून घ्या असे त्यांनी कागदावर लिहून दिले आणि ते मी चिपळुणातच दुसरीकडे करून घेतले, त्याचा खर्च आणि वेळ वेगळा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या कंट्रोल युनिटमधला बिघाड निघाला तर तेवढ्यावर त्यांचे काम थांबते. तसा बिघाड आहे हे ते सांगतात, दुरुस्तीसाठी मात्र अन्यत्र पाठवतात. कामाची हमी तोंडी आहे. मला ती लेखी हवी होती. पक्के बिल मागितल्यावर मिळते, न मागता मिळायला हवे.

खर्चाबाबत तक्रार करण्यासारखे काही नाही. तपासणीचे ५०० रुपये आधी सांगितले जातात, आणि काम तेथेच केले तर ते मजुरीतून वजा होतात. काम तेथे करून घेण्याचा आग्रह नाही. दोष सापडल्यावर एका कागदावर तो कोणत्या तपासणीत कसा दिसला हे चार ओळींत लिहून देतात, तो कागद घेऊन गाडी कोठेही नेता येते. नवा दांडा, बूट, बोल्ट आणि मजुरी धरून माझा एकूण खर्च कॉलमच्या एस्टिमेटच्या चौथ्या हिश्श्याच्याही आत राहिला. जुना दांडा त्यांनी न मागता परत दिला. तो मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे, कारण घर्षण म्हणजे काय हे मुलांना त्या एका क्रॉसवरून हाताने समजते.

ज्यांची गाडी समुद्रकाठी उभी राहते किंवा फेरीबोटीने वारंवार जाते, त्यांनी स्टिअरिंग जड होण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा, शक्यतो दसऱ्याच्या सुमारास, रबरी बूट आणि क्रॉस पाहून घ्यावेत असे मेस्त्री सुचवतात. बूट फाटलेला आढळला तर त्या वेळी केवळ बूट बदलून भागते. फेरीतून उतरल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा, मात्र प्रेशरची धार दांड्याच्या बुटावर आणि वायरींच्या जोडांवर थेट मारू नये. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून तसेच धरून ठेवण्याची सवयही टाळावी. हायड्रॉलिक प्रकारात त्याने पंपावर ताण येतो, आणि इलेक्ट्रिक प्रकारात मोटर तापून कंट्रोल युनिट मदत कमी करते, त्यामुळे स्टिअरिंग तात्पुरते जड लागते आणि थंड झाल्यावर पूर्ववत होते. अशा गाड्याही त्यांच्याकडे ‘मोटर गेली’ म्हणून येतात आणि काही न बदलता परत जातात.

तपासणीसाठी गाडी नेणाऱ्यांना एक सूचना. नेण्याच्या आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरून घेऊ नये, क्रॉसवर किंवा बॉल जॉइंटवर तेल मारू नये, बॅटरीची टोके घासू नयेत. असे काही केले की लक्षण दोन दिवसांसाठी दबते आणि मेस्त्रींना हातात धरायला काही राहत नाही. स्टिअरिंग आज जसे फिरते तसेच त्यांच्यापुढे न्यावे. मात्र ते फिरवताना अचानक पूर्ण अडत असेल तर गाडी चालवत नेण्याचे धाडस करू नये. आधी फोन करून सांगितले तर खेर्डी परिसरात ते स्वतः गाडीपाशी येतात, आणि लांबच्या गाडीसाठी टो करून आणण्याची व्यवस्था लावून देतात.